चटणी कायदेशीर, मग खाते का बंद?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी धायरीत राहते. गेली अकरा वर्षे चटण्यांचा आणि घाण्याच्या तेलाचा छोटा व्यवसाय करते. घरामागच्या शेडमध्ये एक घाणा, एक पल्व्हरायझर, पाकिटे सील करायचे मशीन आणि कामाला चार बायका. सिंहगड रस्त्यावरची दहा-बारा दुकाने, कर्वेनगर-कोथरूडच्या काही सोसायट्या, वर्षातून दोन-तीन प्रदर्शने आणि थोडी ऑनलाइन विक्री, एवढाच पसारा. घाण्यासाठी मुद्रा कर्ज घेतले होते, ते मुदतीच्या चार महिने आधी फेडले. आजवर माझा एकही चेक परत गेलेला नाही. तरीही गेल्या वर्षी फेब्रुवारीत बँकेने माझे चालू खाते बंद केले. जवस, कारळे, तीळ, शेंगदाणा आणि लसूण यांच्या जोडीला मी सहावी चटणी सुरू केली होती, ती भांगेच्या बियांची.

भांग हा शब्द वाचून काही वाचक इथेच थांबतील याची मला कल्पना आहे. माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या चार ओळी वाचाव्यात.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही दोघे कुमाऊँला गेलो होतो. अल्मोड्याजवळ ज्यांच्या घरी उतरलो, त्या आजींनी नाचणीच्या भाकरीबरोबर करड्या रंगाची एक चटणी वाढली. बिया तव्यावर तडतडेपर्यंत भाजायच्या, मग हिरवी मिरची, मीठ आणि लिंबू घालून पाट्यावर बारीक वाटायच्या. पहिल्या घासाला मला आपली कारळ्याची चटणीच आठवली, फक्त ही जरा जास्त स्निग्ध. कशाची आहे विचारले तर आजी म्हणाल्या, भांग के दाने. घरातली सात-आठ वर्षांची नात तीच चटणी बोटाने चाटत होती. नशा असते ती या झाडाच्या फुलोऱ्यात आणि त्याच्या चिकात, थोडी पानांतही. बी म्हणजे तेल आणि प्रथिने.

पुण्याला आल्यावर मुलाने मला कायदा डाउनलोड करून दिला आणि मी तो शब्दशः वाचला. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची जी व्याख्या आहे, ती फुलोऱ्याच्या आणि फळ धरलेल्या शेंड्यांची आहे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने या व्याख्येतून वगळलेली आहेत, असे तिथेच स्पष्ट लिहिले आहे. त्याच कायद्याच्या १४ व्या कलमात तंतू आणि बियांसाठी या झाडाच्या लागवडीला परवानगी देण्याची सोय सरकारने ठेवली आहे, आणि उत्तराखंडने २०१८ मध्ये ती वापरायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बिया, बियांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता देऊन मानके ठरवली. नशा आणणारा जो टीएचसी नावाचा घटक आहे, तो बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आणि तेलात १० मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. माझ्याकडे अन्न परवाना आहे, जीएसटी आहे, उद्यम नोंदणी आहे. परवानाधारक शेतकऱ्यांकडून माल घेणाऱ्या उत्तराखंडातल्या पुरवठादाराची पक्की बिले आहेत. प्रत्येक लॉट मी प्रयोगशाळेत तपासून घेते. डब्यावर वाटीतल्या बियांचे चित्र आहे. त्या झाडाचे पान मी मुद्दाम छापलेले नाही, कारण मला चटणी विकायची आहे, कुतूहल विकायचे नाही.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी सकाळी वडगावच्या एका दुकानदाराचा फोन आला, “ताई, तुमच्या क्यूआरवर पैसे जात नाहीत.” मला वाटले नेटवर्कची अडचण असेल. दुपारी ऑनलाइन विक्रीचे पेमेंटही बंद पडल्याचा मेल आला, म्हणून शाखेत गेले. व्यवस्थापक माझ्या मुलाच्या वयाचे. चांगला मुलगा आहे, दरवर्षी दिवाळीला आमच्याकडूनच चटण्या नेतो. त्याने स्क्रीनकडे पाहिले, खुर्ची जरा मागे घेतली आणि म्हणाला, “काकू, वरून आलंय. माझ्या हातात काही नाही.” वरून म्हणजे कुठून, हे त्यालाही माहीत नव्हते. पत्र मिळाले ते एका वाक्याचे: बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार आपल्याशी व्यवहार चालू ठेवणे शक्य नाही. कोणते धोरण, कोणता व्यवहार खटकला, माझ्याकडून कोणता कागद कमी पडला, यातले एक अक्षर त्यात नव्हते. मी बरोबर फाइल नेली होती. परवाना, तपासणीचे अहवाल, बिले, सगळे त्याच्या टेबलावर मांडले. त्याने ती फाइल उघडलीसुद्धा नाही. उघडून उपयोग नाही, हे त्याला माहीत होते म्हणून.

परत निघाले तेव्हा काउंटरमागून एकीने दुसरीला सांगितलेले माझ्या कानावर पडले, “त्याच त्या, गांजावाल्या.” माझे वय ५७ आहे. इतकी वर्षे त्या शाखेत माझे खाते होते. ते वाक्य मी घरी कोणालाही सांगितले नाही, आज इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

पुढे चौकशीत कळले ते असे की, माझ्या बिलांवर आणि ऑनलाइन व्यवहारांत ‘हेम्प’ हा भांगेच्या झाडाचा इंग्रजी शब्द होता, तो संगणकाने पकडला. आता या शब्दाचे बघा. आपल्या ज्या अंबाडीच्या भाजीला आपण लसणाची फोडणी देतो आणि जिच्या वाखाचे दोर वळतो, तिला इंग्रजीत डेक्कन हेम्प म्हणतात. तागाला सन हेम्प म्हणतात. अंबाडीचे शास्त्रीय नाव तर हिबिस्कस कॅनाबिनस असे आहे, कारण तिचे पान भांगेच्या, म्हणजे कॅनाबिसच्या, पानासारखे दिसते. या दोन्ही झाडांचा भांगेशी काडीचाही संबंध नाही. यंत्राने शब्द पकडला तर मी समजू शकते. त्यानंतर एखाद्या माणसाने कागद बघायला हवे होते, ते कोणी बघितले नाहीत.

खाते बंद झाल्यावर काय होते, हे ज्यांच्यावर आले नाही त्यांना सांगून कळायचे नाही, तरी सांगते. सगळा धंदा रोखीवर आला. रात्री जेवणे झाली की ओटा पुसून मी आणि यजमान नोटा मोजायला बसायचो. तेलाच्या धंद्यातल्या नोटा त्या, दहा-वीसच्या नोटांना तेलकट बोटांचे डाग, एकमेकींना चिकटलेल्या. पिठीसाखरेच्या रिकाम्या डब्यात शंभराच्या, चहाच्या डब्यात पन्नासच्या. जीएसटी रोखीने भरायला गेले तर एका कालावधीसाठी चलनाची मर्यादा १०,००० रुपये, म्हणून उरलेली रक्कम यजमानांच्या पेन्शनच्या खात्यातून भरली. एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च धरत नाहीत. उत्तराखंडातून दोन क्विंटल बिया मागवायच्या तर ती रक्कम याच्या कितीतरी वर जाते, आणि तिथला पुरवठादार रोख घेणार तरी कसा? त्याला बँकेतूनच पैसे हवेत. तेही पेन्शनच्या खात्यातून गेले. आमचे सीए म्हणाले, “काकू, हे हिशेबात मी कुठं दाखवू?” इतकी वर्षे ज्या बाईने रुपयान् रुपया बँकेतून फिरवला, तिला बँकेनेच रोखीच्या अंधारात ढकलले. काळा पैसा रोखायचा म्हणून जे नियम केले, त्यांनी माझा पांढरा पैसा चहाच्या डब्यात नेऊन ठेवला.

डिसेंबरात भीमथडी जत्रेत पहिल्याच दिवशी एक गोष्ट वारंवार झाली. कॉलेजच्या मुली यायच्या, चमच्यावरची चटणी चाखायच्या, डबा हातात घ्यायच्या, फोन काढायच्या आणि टेबलावर क्यूआर शोधायच्या. नाही म्हटले की ओशाळून डबा खाली ठेवायच्या. आजकाल वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या खिशात रोख नसतेच. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याकडे बघणेच सोडून दिले. रात्री दहाला शिवाजीनगरहून धायरीला स्कूटरवर निघालो, तर दिवसभराची रोख माझ्या आणि मागे बसलेल्या आमच्या कामवाल्या ताईंच्या मध्ये पिशवीत. त्यांनी पिशवीवर ओढणी टाकली होती आणि राजाराम पूल येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

या काळात आणखी तीन बँकांचे उंबरे झिजवले. एका ठिकाणी सांगितले की अमली पदार्थांचे काम बघणाऱ्या खात्याचे ना-हरकत पत्र आणा. मी त्या कार्यालयात गेले. तिथले साहेब सौजन्याने बोलले, पण म्हणाले, “जी वस्तू आमच्या कायद्यात येतच नाही, तिचं ना-हरकत पत्र आम्ही कसं देणार?” त्यांचेही बरोबरच होते. शेवटी धायरीतल्याच एका पतसंस्थेने खाते दिले, त्यांचे उपकार आहेत. पण तिथे यूपीआय नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत डेन्व्हरला हिशेबनिसाचे काम करतो. त्याला हे सांगितले तेव्हा त्याने जे ऐकवले, त्याने माझे डोळे उघडले. कोलोरॅडोने २०१२ मध्ये मतदान घेऊन गांजाला परवानगी दिली. नीट लक्षात घ्या, बियांना नव्हे, गांजालाच. १ जानेवारी २०१४ ला तिथली दुकाने उघडली. पण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १९७० च्या कायद्यात गांजा तेव्हा सर्वांत कडक यादीत होता, म्हणजे राज्यात परवाना आणि केंद्राच्या लेखी गुन्हा. बँकांची केवढी पंचाईत! तरीही फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या अर्थखात्याच्या गैरव्यवहार रोखणाऱ्या विभागाने बँकांना लेखी मार्गदर्शन दिले. अशा दुकानाचे खाते उघडायचे असेल तर राज्याचा परवाना पडताळा, परवान्याचा अर्ज मागवून वाचा, उलाढाल किती अपेक्षित आहे ते समजून घ्या, पुढेही लक्ष ठेवा. अहवाल कसे पाठवायचे, तेही ठरवून दिले. दुकान नियमांत चालत असेल तर साधा, शंका असेल तर तातडीचा, आणि संशयावरून संबंध तोडले तर तिसरा. सगळ्या बँका तयार झाल्या असे नाही. बरीच दुकाने आजही रोखीवरच चालतात, चिलखती गाडीतून पैसे नेतात, मोठ्या कार्ड कंपन्या त्यांचे व्यवहार घेत नाहीत. या बँकांना कायद्याचे संरक्षण देणारे विधेयक तिथल्या प्रतिनिधिगृहाने सप्टेंबर २०१९ मध्ये ३२१ विरुद्ध १०३ मतांनी मंजूर केले, नंतरही पुन्हा पुन्हा केले, पण सिनेटमध्ये ते अडकले. भाचा म्हणतो की मार्गदर्शन अपुरे आहे, पण ज्या पतसंस्थांना काम करायचे होते त्यांच्या हातात निदान एक कागद आला.

उरुग्वेची हकीकतही त्यानेच सांगितली. तिथे तर संपूर्ण देशाने कायदा केला आणि २०१७ मध्ये औषध दुकानांतून विक्री सुरू झाली. लगेच अमेरिकी बँकांच्या धाकाने तिथल्या बँकांनी दुकानदारांना बजावले, विक्री थांबवा नाहीतर खाते बंद.

आता आपल्याकडे बघा. अमेरिकेत माल केंद्राच्या कायद्याने बेकायदा आहे आणि तरी बँकेला काय करायचे ते सांगणारा कागद आहे. माझा माल केंद्राच्या कायद्याने व्याख्येबाहेर आहे, केंद्राच्याच प्राधिकरणाच्या मानकाने अन्न आहे, आणि बँकेला ते सांगणारा कागद मात्र नाही. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे. तो कागद काढा.

बँकेच्या माणसांची भीती मी समजू शकते. अमली पदार्थांचे गुन्हे मनी लाँडरिंगच्या कायद्यात येतात. उद्या एखाद्याने बियांच्या नावाखाली शेंडे पाठवले आणि पैसे त्या शाखेतून फिरले, तर जाब कोणाला विचारतील? त्या तरुण व्यवस्थापकालाच. आमच्याच गल्लीतले दोन मुलगे गांजाच्या नादी लागून शिक्षणातून उठलेले मी पाहिले आहेत. एकाची आई अजून माझ्याकडे कामाला येते. गांजा मोकळा करा असे माझे मुळीच म्हणणे नाही. उलट बँकेने माझी दुप्पट तपासणी करावी. प्रत्येक लॉटचा अहवाल मागावा, पुरवठादाराचे बिल मागावे, वर्षातून दोनदा शेडवर यावे, खाते अधिक जोखमीच्या वर्गात ठेवावे. केवायसीच्या नियमांत ग्राहकांचे जोखमीनुसार वर्ग करायची सोय आहे, ती कशासाठी आहे मग? आणि त्याच नियमांत रिझर्व्ह बँकेने हेही म्हटले आहे की, ग्राहक स्वीकारण्याच्या धोरणामुळे सर्वसामान्यांना बँक सेवा नाकारली जाऊ नये.

तक्रार करायला जागा आहे का, तेही पाहिले. रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना चांगली आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवस वाट पाहायची, मग लोकपालाकडे जायचे. मी अर्ज लिहायला बसले आणि योजनेतले एक कलम वाचून पेन खाली ठेवले. बँकेच्या व्यापारी निर्णयाविरुद्धची तक्रार या योजनेत बसत नाही. खाते बंद करण्यामागे व्यापारी निर्णय आहे असे बँकेने एकदा म्हटले की दार बंद. कर्ज कोणाला द्यायचे हा व्यापारी निर्णय, हे मला मान्य आहे. पण चालू खाते? आज क्यूआरशिवाय भाजीवालासुद्धा बसत नाही. वीज-पाण्यासारखी झालेली ही गोष्ट कारण न सांगता काढून घेणे हा निव्वळ व्यापार कसा?

म्हणून रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढावे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकात बसणाऱ्या बियांच्या उत्पादनांना आणि परवान्याने तयार होणाऱ्या आयुर्वेदिक औषधांना खाते देताना कोणते कागद बघायचे, ते त्यात लिहावे. ही वनस्पती औषधांच्या नियमांत वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यायच्या द्रव्यांच्या यादीत आहे, तिला विजया म्हणतात, आणि ती वापरून सरकारी परवान्याने औषधे होतात. माझ्या माहितीतल्या एका वैद्यांना औषधांच्या ऑर्डरी असूनही हीच अडचण आली आहे. शिवाय खाते नाकारले किंवा बंद केले तर कारण लेखी द्यावे, आणि त्या कारणावर दाद मागता यावी. बँकवाल्यांना शिकवणाऱ्या दोन संस्था आपल्या पुण्यातच आहेत. कोंढव्यात राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आणि विद्यापीठ रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय. तिथे देशभरातून अधिकारी प्रशिक्षणाला येतात. बी आणि फुलोरा यांतला फरक त्यांना अर्ध्या तासात दाखवता येईल, दोन वाट्या पुरेत. हवे तर वाट्या मी आणते. दुसरी वाटी मात्र पोलिसांकडूनच मागवावी लागेल.

मला अधूनमधून ऐकवले जाते की हे आपल्याकडचे नाही, कशाला त्यात पडलात. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात माती आणि चुन्याबरोबर भांगेच्या झाडाचा भुगा सापडला आहे, असे संशोधन काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाले. छत्रपती संभाजीनगर माझे माहेर. त्या लेण्यांत आमची शाळेची सहल दरवर्षी जायची. एवढ्या शतकांनंतरही तो गिलावा भिंतीला धरून आहे, आणि त्यात मिसळलेल्या झाडाला आपण आज नाव घेण्याच्या लायकीचेही ठेवलेले नाही, याचे मला वाईट वाटते.

आमच्या चार कामवाल्या बायकांपैकी दोघींना मी जुलैपासून अर्धा दिवसच काम देऊ शकले आहे. बियांची चटणी बंद करून पुन्हा नव्याने चालू खात्याचा अर्ज करा, असा सल्ला मला तीन जणांनी दिला. तो मी घेणार नाही. मी कायदा वाचून, परवाना काढून, तपासण्या करून हा माल विकते आहे.

या पत्राच्या निमित्ताने एक निमंत्रण देते. कोणत्याही बँकेच्या अधिकाऱ्यांनी धायरीला आमच्या शेडवर यावे. सकाळी आठ ते अकरा बिया भाजण्याचे काम चालू असते. परवाने, बिले, अहवाल सगळे एका फाइलमध्ये लावून ठेवले आहे, आणि चटणीबरोबर गरम भाकरीही मिळेल. फक्त फाइल उघडून बघावी.

आपली नम्र,
एक लघुउद्योजक वाचक
धायरी, पुणे ४१

(माझे नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. पतसंस्थेतले खाते तरी टिकावे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)